ट्रेनमध्ये लिहिलेले मेसेज जातात कुठे?

आधी प्रश्न थोडक्यात सांगते. विचारणारा मुलगा कळव्याला राहतो. महापेच्या एमआयडीसीत एका औषध कंपनीच्या क्वालिटी कंट्रोलमध्ये, म्हणजे क्यूसीत, त्याला चार वर्षं झाली, आता बदल हवा आहे. लिंक्डइनवर रिक्रूटर, कॉलेजचे सीनियर, आधीच्या कंपनीतले साहेब असे पंधरा-वीस जण त्याने हेरून ठेवलेत. ठाण्याला ट्रान्स-हार्बर लोकल पकडली की मेसेज लिहायला घेतो. ऐरोली, रबाळे जातं, कोपरखैरणे येतं, फोन खिशात जातो आणि शेअर रिक्षाच्या रांगेत मेसेजचा विसर पडतो. संध्याकाळी बघावं तर काही मेसेज जिथल्या तिथे असतात, काही गायब. घरच्या लॅपटॉपवर तर एकही दिसत नाही. तो विचारतो, हे अर्धवट मेसेज सेव्ह करायची नीट सोय कुठे आहे? आणि दहा-बारा मेसेज तयार ठेवून हवा तेव्हा एकेक पाठवायचा असेल तर काय करायचं? सोबत कॉलेजच्या सीनियरसाठी लिहिलेल्या मेसेजचा नमुनाही त्याने पाठवलाय.

मी ऐरोलीत भरतीचं काम करते, अठरा वर्षं झाली. म्हणजे तुमचे मेसेज जिथे येऊन पडतात त्या बाजूला मी बसते. त्यामुळे माझं उत्तर थोडं त्या खुर्चीवरून येईल.

सोय आहे, पण तिच्या भरवशावर नोकरी शोधू नका.

आधी सोय समजून घ्या. एखाद्याशी तुमचा संवाद आधीच सुरू असेल आणि मेसेज लिहायच्या त्याच खोक्यात तुम्ही काही लिहून, न पाठवता बाहेर पडलात, तर लिंक्डइन ते बहुतेक वेळा धरून ठेवतं. मेसेजच्या यादीत त्या नावासमोर ड्राफ्ट असं दिसतं. सेव्हचं बटण शोधू नका, ते आपोआप होतं. अडचण अशी की एका माणसाला एकच खोका, म्हणून एका माणसासाठी एकच मसुदा. शिवाय ही यादी शेवटचं बोलणं कधी झालं त्या क्रमाने लागते. नवे मेसेज आले की तुमचा मसुदा खाली सरकत जातो, आणि तिसऱ्या दिवशी तो शोधायला अंगठा दुखेपर्यंत स्क्रोल करावं लागतं. फोनवर अर्धवट टाकलेलं लॅपटॉपवर दिसेलच असंही धरून चालू नका. अ‍ॅप काढून परत टाकलं, लॉग आउट केलं, फोन बदलला, अशा वेळी मसुद्याची हमी कोण देणार?

तुमचे जे मेसेज ‘गायब’ होतात, ते बहुतेक कनेक्शनच्या नोट असणार. अनोळखी माणसाला इन्व्हाइट पाठवताना जी छोटी नोट लिहिता येते, ती खिडकी बंद झाली की लिहिलेलं गेलं. तिथे मसुदा हा प्रकारच नाही. ऐरोलीला गर्दी आत घुसली, धक्का लागला, बोट चुकून मागे गेलं की संपलं. पोस्टचं मात्र वेगळं. पोस्ट अर्धवट सोडून बाहेर पडायला गेलात तर ड्राफ्ट ठेवू का, असं ते स्वतः विचारतं, आणि पोस्ट पुढच्या तारखेला लावूनही ठेवता येते. लोक पोस्टवरून अंदाज बांधतात की मेसेजचंही तसंच असेल. तसं नाही.

आता खोक्यातच बसून लिहिण्याचे दोन धोके. हे मी स्वतः भोगलेत, म्हणून जरा रेंगाळते.

पहिला एंटरचा. कॉम्प्युटरवर एंटर दाबलं की मेसेज जातो अशी सेटिंग असू शकते. काही वर्षांपूर्वी मी एका कंपनीच्या एचआर प्रमुखांना एका उमेदवाराच्या पगाराबद्दल लिहीत होते. पहिली ओळ झाली: ‘सर, उमेदवार मागतोय तो आकडा आपल्या बजेटपेक्षा जास्त आहे, पण’. पुढचं खालच्या ओळीवर घ्यावं म्हणून सवयीने एंटर दाबलं. गेला. सगळं सामान त्या ‘पण’च्या पुढे होतं: त्याचा अनुभव, दुसरीकडची ऑफर, तो किती खाली यायला तयार आहे ते. मी पुढचं टाइप करतेय तोवर त्यांचं उत्तर आलं, ‘मग नको.’ नंतर फोन करून सावरलं, पण जे काम मेसेजवर झालं असतं त्यासाठी अर्धा तास गयावया करावी लागली. सेंडच्या शेजारी तीन ठिपके असतात. तिथे जाऊन एंटरने मेसेज पाठवायचा की बटण दाबून, यातलं दुसरं निवडा. आजच करा. तोवर नवी ओळ हवी असेल तर शिफ्ट धरून एंटर.

दुसरा धोका बारीक आहे, सहसा लक्षात येत नाही. तुम्ही खोक्यात टाइप करत असताना समोरच्याने तोच संवाद उघडलेला असेल, तर तुमच्या नावाखाली ठिपके हलताना दिसतात. ही सोय दोघांनीही चालू ठेवलेली असली तरच, पण बऱ्याच जणांची असतेच. माझ्याकडे एका उमेदवाराचे ठिपके दहा मिनिटं हलत होते. थांबायचे, परत हलायचे. मी चहा घेऊन आले तरी चालूच. शेवटी मेसेज काय आला? ‘ओके मॅडम.’ बिचाऱ्याने आत काय काय लिहून खोडलं असेल! पगाराची बोलणी चालू असताना असं डगमगणं समोरच्याला दिसणं बरं नाही. सेटिंगमध्ये प्रायव्हसीच्या भागात वाचल्याची खूण आणि टायपिंगचे ठिपके एकत्र बंद करता येतात. बंद केलंत तर समोरच्याने वाचलं का हे तुम्हालाही दिसणार नाही, तेवढी किंमत आहे.

म्हणून मेसेज लिहायचा बाहेर आणि पाठवायच्या वेळी तिथे आणून ठेवायचा. बाहेर म्हणजे कुठे, ते ज्याच्या त्याच्या हातवळणावर आहे. फोनवर आणि लॅपटॉपवर एकाच खात्याने उघडेल असं काहीही चालेल. गुगल कीप, गुगल डॉक्स, नाहीतर व्हॉट्सअ‍ॅपवर स्वतःलाच पाठवलेला मेसेज. माझ्या ओळखीचे एक गृहस्थ जीमेलचे ड्राफ्ट वापरतात. ‘टू’ची चौकट कोरी ठेवतात आणि विषयाच्या जागी माणसाचं नाव लिहितात. चौकट कोरी असल्यामुळे चुकूनही कुठे जात नाही. मला ही युक्ती फार आवडली. ट्रेनमध्ये नेट गेलं तरी फोनच्या नोट्समध्ये लिहिलेलं राहतं, हा वेगळा फायदा.

क्लिपबोर्डवर मात्र विसंबू नका. ‘कॉपी करून ठेवलंय, उतरल्यावर पेस्ट करतो’ हे कोपरखैरणेपर्यंत टिकेल, संध्याकाळपर्यंत नाही. गुगलच्या कीबोर्डचा क्लिपबोर्ड तासाभराने पुसला जातो, पिन केलेलं तेवढं राहतं. विंडोजवर विंडोजचं बटण आणि व्ही दाबलं की आधी कॉपी केलेल्या 25 गोष्टींची यादी मिळते, पण मशीन बंद करून चालू केलं की तीही जाते. तिथेही पिनवाल्याच वाचतात.

आणि ऑफिसच्या खात्यावर तर नाहीच नाही. वागळे इस्टेटमधल्या एका मुलाने आपले सगळे मसुदे, रिक्रूटरांची नावं, कोणाशी काय बोलणं झालं ते सगळं कंपनीच्या मेलच्या ड्राफ्टमध्ये ठेवलं होतं. लॅपटॉप तोच, दिवसभर उघडा, सोयीचं म्हणून. शेवटच्या दिवशी साडेपाचला लॅपटॉप जमा केला. घरी पोचेपर्यंत आयडी बंद. आठ महिन्यांचं काम त्या मेलबॉक्ससोबत गेलं. त्यात नोकरी शोधताय हे साहेबांना कळण्याचा धोका आहेच. कंपनीच्या मशीनवर काय बघितलं जातं हे आयटीवाल्यांनाच माहीत.

आता दहा-बारा मेसेजचं. इथे बहुतेक जण एकच मेसेज लिहितात आणि नाव बदलून सगळ्यांना पाठवतात. ‘नमस्कार डॅश डॅश सर’ असा मेसेज मला वर्षातून चार-पाच वेळा येतो, डॅशसकट. त्याहून मोठी गंमत सांगते. एकाच कंपनीच्या तीन जणांना एकच मेसेज जातो. आम्ही तिघी एकाच टेबलावर डबा खातो हो! ‘तुलापण आला का तो?’ असा विषय निघतो आणि त्या मुलाचं प्रोफाइल उघडण्याआधीच हसण्यावारी जातं.

साचा ठेवा, पण साच्यात जागा सोडताना अशी खूण करा की ती डोळ्यात खुपेल. डॅश खुपत नाही. मी ‘###’ टाकते. पाठवण्याआधी तीच खूण शोधायची. सापडली नाही तरच सेंड.

आणि मसुदा नुसता मसुदा म्हणून ठेवू नका. गुगल शीटमध्ये प्रत्येक माणसाची एक ओळ करा. नाव, ओळख कुठली, त्यांना का लिहितोय हे एका वाक्यात, मग मेसेज, मग पाठवायची तारीख, शेवटी उत्तर काय आलं. यातला ‘का लिहितोय’ हा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. तो भरता आला नाही तर त्या माणसाला सध्या लिहायचंच नाही, असं मी सांगेन. पंधरा-वीस नावांपैकी तुमच्याही सहा-सात गळतील, गळू देत. तारखेचा रकाना मी सक्तीने भरायला लावते. याचं कारण एका मुलीचा मेसेज. मला श्रावणात तिच्याकडून गुढीपाडव्याच्या शुभेच्छा आल्या! खाली एका जागेबद्दल विचारणा होती, जी जागा मे महिन्यातच भरली होती. चांगली मुलगी, प्रोफाइलही चांगलं. मसुदा चैत्रात लिहिला, खोक्यात पडून राहिला, एक दिवस दिसला आणि न वाचता पाठवला. जागेबद्दलचा मसुदा आठवड्याच्या वर जुना झाला तर आधी जागा उघडी आहे का ते बघा. महिन्याच्या वर जुना असेल तर खोडून नव्याने लिहा, डागडुजी करू नका.

पंधरा मेसेज एका रात्रीत पाठवू नका. उत्तरं आली तर एकदम येतील, तुम्ही शिफ्टला असाल, फोन लॉकरमध्ये. रिक्रूटरने सकाळी अकराला ‘आत्ता बोलता येईल का’ विचारलं आणि तुमचं ‘हो’ रात्री नऊला गेलं, तर तोवर तिने पुढच्या तिघांशी बोलून घेतलेलं असतं. दिवसाला दोन-तीन पुरेत, आणि ज्या दिवशी पाठवाल त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत फोन बघता येईल एवढं जुळवा. उत्तर नाही आलं तर आठ-दहा दिवसांनी एकदा आठवण करा, तीही एका ओळीत. त्यानंतर गप्प.

नोटच्या लांबीबद्दल एक गोष्ट सांगायची राहिली, जी मराठीत लिहिणाऱ्यालाच नडते. फुकटच्या खात्यावर कनेक्शनच्या नोटला 200 अक्षरांची मर्यादा आहे, पैसे भरणाऱ्यांना 300. फुकट खात्यावर अशा नोट महिन्याला मोजक्याच पाठवता येतात, म्हणून एकही वाया घालवू नका. आता ‘कोपरखैरणे’ लिहिलं तर आपण सहा अक्षरं मोजतो. कॉम्प्युटर नऊ मोजतो, कारण काना, मात्रा, वेलांटी सगळं त्याच्या लेखी वेगळं. जोडाक्षरात तर पाय मोडल्याचंही एक धरतो. ‘क्षमस्व’ आपल्याला तीन, त्याला सात. म्हणजे 200 ची जागा आपल्या मोजणीने सव्वाशे-दीडशेतच संपते. म्हणून नोट बाहेर लिहा, तिथे आणून बसते का बघा, नाही बसली तर परत बाहेर जाऊन छाटा. त्या खिडकीत छाटत बसलात तर काय होतं ते तुम्हाला माहीतच आहे.

इनमेल, म्हणजे कनेक्शन नसलेल्यालाही थेट मेसेज पाठवायची पैसे भरून मिळणारी सोय, घेतली असेल तर त्याचे मसुदे जास्त जपून लिहा, कारण तिथे प्रत्येक मेसेजला क्रेडिट जातं. 90 दिवसांत उत्तर आलं तर ते परत मिळतं. पण तुमच्या कामासाठी इनमेलची गरज मला दिसत नाही. तुमच्या यादीतले निम्मे तर ओळखीचेच आहेत.

हल्ली मसुदा मशीनकडून, म्हणजे एआयकडून, लिहून घेतात. घ्या, माझी ना नाही. फक्त एक सांगते, एका जागेसाठी मला एका दिवसात पाच-सहा जणांचे जवळजवळ सारखे मेसेज येतात. सगळ्यांना ‘आपल्या संस्थेच्या ध्येयाने प्रेरित’ व्हायला झालेलं असतं. महापेत एचपीएलसीवर, म्हणजे औषधातले घटक तपासायच्या यंत्रावर, सॅम्पल लावणारा मुलगा असा बोलतो का?

चूक झालीच तर? पाठवलेला मेसेज 60 मिनिटांच्या आत बदलता किंवा काढून टाकता येतो. बदलला तर बदलल्याची खूण दिसते, काढला तर काढल्याचं दिसतं. त्याआधी समोरच्याला मेलवर सूचना गेलेली असू शकते, ती तुमच्या हातात नाही. माझ्या त्या ‘पण’च्या वेळी बदलायला साठ सेकंदही मिळाले नाहीत. नावात चूक, कंपनीचं नाव चुकीचं, एवढ्यासाठी बदला. मजकूर आवडला नाही म्हणून बदलत बसू नका.

जे मेसेज चालले, म्हणजे ज्यांना उत्तर आलं, ते शीटमध्ये हिरवे करा. सेटिंगमधून आपल्या डेटाची प्रत मागवता येते, त्यात पाठवलेले मेसेज एका फाइलमध्ये येतात. जुने मेसेज मागे जाऊन वाचले की आपण कुठे लांबण लावतो ते कळतं. मी स्वतःचे वाचले तेव्हा दर तिसरा मेसेज ‘आशा करते की आपण मजेत असाल’ने सुरू होत होता. मला त्यांच्या मजेशी काय करायचं होतं!

यावरून तुमच्या नमुन्याकडे येते. कॉलेजच्या सीनियरसाठी तुम्ही लिहिलंय: ‘नमस्कार सर, आपण कसे आहात? मी आपल्याच कॉलेजचा माजी विद्यार्थी आहे. माझे प्रोफाइल पाहून काही योग्य संधी असल्यास कळवावे ही नम्र विनंती.’ आमच्या फोनवर नाव आणि पहिली ओळ दिसते. तुमची पहिली ओळ ‘आपण कसे आहात’वर संपली. उघडून वाचलं तरी करायचं काय, ते कळत नाही. संधी शोधण्याचं काम तुम्ही त्यांच्यावर टाकलंत. ते चांगले असतील तर ‘नक्की’ म्हणतील आणि विसरतील.

मी असा लिहीन. ‘सर, मी आपल्या कॉलेजचा, तुमच्यानंतर तीन वर्षांनी पास झालो. महापेत क्यूसीमध्ये चार वर्षं आहे, जास्त काम एचपीएलसीवर. तुमच्याकडे क्यूसीची जागा निघालेली पाहिली. त्या टीममध्ये रोजचं टेस्टिंग जास्त असतं की स्टॅबिलिटीचं, एवढं विचारायचं होतं. शनिवारी दहा मिनिटं फोन केला तर चालेल का?’

स्टॅबिलिटी म्हणजे औषध किती काळ टिकतं याची तपासणी, ते त्यांना सांगावं लागणार नाही. याचं उत्तर त्यांना एका शब्दात देता येतं. त्यांच्या माहितीतलं आहे, सांगायला आवडेल असं आहे. जागेसाठी शब्द टाका असं कुठेही म्हटलेलं नाही, पण फोनवर ते स्वतःच विचारतील. ‘आपल्या’ आणि ‘तुमच्या’ एकत्र आलंय ते राहू दे, आपण बोलतो तसंच. तीन वर्षं हा आकडा मी घातलाय, तुमचा खरा घाला. शनिवारी शिफ्ट असेल तर वार बदला.

रिझ्युमे या मेसेजला जोडू नका, ते ‘पाठव’ म्हणाले की लगेच द्या. फाइल आजच फोनमध्ये घेऊन ठेवा. आणि तिचं नाव ‘फायनल नवा दोन’ असं असेल तर आधी ते बदला. आमच्या डाउनलोडमध्ये त्या नावाच्या फाइली ढिगाने आहेत, त्यातली तुमची कुठली ते आम्हाला सापडत नाही.